फौजी ट्रकातली गोपद्मं

गुणाजीला पत्र्यातला पोचा बघवत नसे. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या परक्या गाडीच्या दारावर खळगा दिसला तरी त्याचा अंगठा आपोआप तिकडे जायचा. मालकाने हटकलं की ओशाळून म्हणायचा, "सॉरी हां, सवय." त्याची बायको कमल सांगते, लग्नाच्या दिवशी फुलांनी सजवलेल्या गाडीत ती मान खाली घालून बसली होती आणि नवरदेव खिडकीखालच्या पत्र्यावरून हात फिरवत होता. "मला वाटलं, लाजतायत. हे बघत होते पुट्टी कुणी भरलीय."

काळाचौकीच्या चाळीत तो जन्मला आणि तिथेच राहिला. बाप गिरणीत होता. संपानंतर गिरणी उघडली नाही तेव्हा गुणाजी शिवडीच्या एका गॅरेजमध्ये डेंटिंगच्या कामाला लागला. आता गोदामांच्या गल्लीत त्याची स्वतःची पत्र्याची शेड आहे. त्यात एक गाडी उभी राहिली की दुसरीला जागा उरत नाही. पण ज्यांच्याकडे जुन्या गाड्या आहेत ती माणसं एकमेकांना त्याचाच नंबर देतात. गंजलेला पत्रा साफ करायचा, भोकं गॅसने भरायची, ग्राइंडरने सपाट करायची आणि पत्र्याला हवा लागायच्या आत प्रायमर मारायचा, ही त्याची पद्धत. यात मध्ये थांबणं नाही. "डोळे मिटून हात फिरवा," तो गिऱ्हाइकाला सांगायचा, "जोड सापडला तर बोला." जोड कुणालाही सापडत नसे, आणि त्याचा त्याला जरा गर्वच होता.

गेल्या पावसाळ्यानंतर ठाकूरद्वारच्या यतीनसाहेबांनी ट्रेलरवर घालून एक ट्रक आणला. साहेब आर्किटेक्ट. घराणं मुंबईत पिढ्यान्पिढ्या मुरलेलं, बोलणं मऊ, आणि जुन्या गाड्यांचं वेड असं की त्यांच्या घरचे त्यांना वाहनतळ म्हणायचे. ट्रक चपट्या नाकाचा होता, तोंडावर कुणी फळी मारल्यासारखा. एका लाकडाच्या वखारीत तो ओंडके वाहून वाहून बसला होता.

"गुणाजी, हा कुठे बनलाय माहितीय?" साहेबांनी विचारलं. "इथे. तुमच्या शिवडीत. मोटारींचा कारखाना होता ना, परदेशी कंपनीचा? आधी शेठ लोकांच्या गाड्या जोडायचे. महायुद्ध लागलं आणि त्याच माणसांनी त्याच शेडमध्ये फौजी ट्रक जोडायला घेतले. खोक्यांतून सुटे भाग यायचे बोटीने. असे फार थोडे शिल्लक आहेत आता. एक इंदूरला आहे, दोन-तीन परदेशात."

"चकाचक करून देतो, साहेब."

"तेच नकोय. जुनं काही दिसलं, नंबर, शिक्का, खूण, काहीही, तर थांबायचं आणि मला फोन करायचा."

"हो साहेब."

"हो साहेब म्हणता आणि पुट्टी भरता तुम्ही."

"नाही हो," गुणाजी हसला.

रात्री जेवताना त्याने ही गोष्ट घरी सांगितली ती केवळ सांगायला काहीतरी हवं म्हणून. त्याची आई रमाबाई, नव्वदीला टेकलेली, नजर जवळजवळ गेलेली, भाकरीचा तुकडा हातात धरून तशीच बसली.

"शिवडेत केल्ली? लढायेतली?"

"हो."

"मग ती बाबांची."

कमलने गुणाजीकडे पाहिलं आणि गुणाजीने ताटाकडे. आयेची ती गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. तिचे वडील धाकू हे युद्धाच्या वर्षांत गिरणी सोडून त्या मोटार कारखान्यात पत्र्याच्या कामावर गेले. तिचा भिवामामा फौजेत ड्रायव्हर होता. त्या चातुर्मासात छोटी रमा उंबऱ्यापाशी रोज गोपद्मं काढायची, गाईच्या खुरांची रांगोळी. तिने बापाला सांगितलं, मामाच्या गाडीतही काढा. आता ह्यातली कुठली गाडी मामाला मिळेल हे कारखान्यातल्या साहेबालाही माहीत नव्हतं. म्हणून धाकूने हाताखालून गेलेल्या प्रत्येक ट्रकात, ड्रायव्हरच्या बाजूच्या पायरीवर, छिन्नीने दोन तिरके घाव घातले आणि भोवती टोकदार पंचने ठिपके मारले. वरून रंग लागला की कुणाला दिसत नसे.

मामा ब्रह्मदेशातून परत आला नाही. रमाचं व्रत पुरं झालं तेव्हा उद्यापन करायचं होतं. बाप म्हणाला, "गाडी येऊ दे परत, मग कर." रडणाऱ्या पोरीला गप्प करायला बोलला असेल. पण युद्ध संपलं त्या वर्षी तोच तापाने गेला आणि त्याचा शब्द मागे राहिला. रमाबाईंनी उद्यापन कधी केलंच नाही. लग्न झालं, मुलं झाली, नवरा गेला, तरी दर आषाढात त्या म्हणायच्या, "माजा एक उद्यापन रवला हा." आणि गुणाजी दर आषाढात म्हणायचा, "ट्रक सिग्नलला अडकलाय, आये." पाहुण्यांसमोर तर तो हे हमखास म्हणायचा. सगळे हसायचे. आयेही हसायची, पण तिचं हसणं सगळ्यांच्या नंतर यायचं.

"पायरी बघ हां," आये आता म्हणाली. "डायवरची."

"बघतो."

पायरीची पाळी आली ती दिवाळीच्या आधी. सकाळपासून त्याने केबिनचा खालचा पत्रा घेतला होता. साहेबांना जानेवारीतल्या जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीत ट्रक उभा करायचा होता, आणि काम मागे पडलं होतं. वायरब्रशने रंगाचे पापुद्रे उडवत तो पायरीवर आला. गंजाने पत्रा नाचणीच्या भाकरीसारखा भाजून निघाला होता. त्यात, कडेच्या जवळ, त्याच्या अंगठ्याला दोन तिरक्या रेघा लागल्या. त्यांच्या भोवती बारीक खळगे.

हात थांबला.

ग्राइंडर दुसऱ्या हातात फिरत होता. त्या एवढ्या वेळात गुणाजीच्या मनात काय काय येऊन गेलं ते त्याने नंतर पुष्कळदा मोजून पाहिलं. फोन करायला हवा, हे आलं. साहेब येतील, फोटो काढतील, चार माणसांना बोलावतील, आठवडाभर कामाला हात लावू देणार नाहीत, हेही आलं. पत्रा उघडा पडलाय, दुपारपर्यंत प्रायमर लागलाच पाहिजे, हे आलं. आणि या सगळ्याच्या खाली एक होतं, ज्याच्याकडे त्याने नीट पाहिलं नाही. हे खरं निघालं, तर आयुष्यभर आपण जिच्यावर हसलो ती खरं बोलत होती. तो स्वतःशी म्हणाला, "गंज आहे." आणि त्याने ग्राइंडर टेकवला.

गंज नव्हता. ग्राइंडर टेकवायच्या आधी त्याला ते माहीत होतं.

पायरी सुरेख झाली. डोळे मिटून हात फिरवला असता तर काही सापडलं नसतं.

त्या संध्याकाळी तो घरात पाऊल टाकतो न टाकतो तोच आयेने विचारलं, "गावला?"

"अजून तिथवर नाही आलो, आये."

दुसऱ्या दिवशीही तेच विचारलं, तिसऱ्या दिवशीही. मग तिने विचारणं बंद केलं आणि तयारीला लागली. कमलला सांगून वाण देण्याचं साहित्य आणवलं, कपाटातलं नऊवारी पातळ काढून गच्चीवर उन्हात टाकायला लावलं. शेजारच्या बाईंना म्हणाली, "माजी गाडी इली हा शिवडेक." चाळीत ही बातमी झाली. जिन्यात भेटणारे विचारू लागले, "काय गुणाजी, आजोबांचा ट्रक मिळाला म्हणे?"

"तुम्ही त्यांना एकदा घेऊन तरी जा," कमल म्हणाली. "नसेल काही तर नसेल. हात लावून येतील, समाधान होईल."

"असेल," तो म्हणाला. का म्हणाला ते त्याचं त्याला कळलं नाही.

शेजारचा वेल्डर जेवायला गेला होता त्या दुपारी गुणाजीने शेडचं शटर अर्धं ओढलं आणि छिन्नी घेतली. गोपद्म त्याने जन्मात काढलं नव्हतं, पण बघितलं मात्र जन्मभर होतं. आयेची गोपद्मं उंबऱ्यातून घरात येणारी असत, खुरांची टोकं आत. त्याने नीट विचार केला, टोकं केबिनच्या आत केली. दोन घाव, भोवती ठिपके. मग मिठाचं पाणी लावून गंज आणवला, त्यावर जुन्या हिरव्या रंगाचा हात दिला, तो अर्धा खरवडला. दोन दिवसांनी बघितलं तर ऐंशी वर्षांचं दिसत होतं. काम चांगलं झालं होतं. आणि चांगलं झालं म्हणून त्याला क्षणभर आनंद झाला, हे त्याला पुढे सगळ्यात जास्त टोचलं.

साहेबांना त्याने बोलावलं नव्हतं. पण आयेला आणायचंय, जरा पायरीवर बसवतो, चालेल ना, असं फोनवर विचारायला गेला आणि मग का म्हणून सांगावं लागलं. साहेब म्हणाले, "खूण सापडली? आणि मला आत्ता सांगताय? मी येतोच."

आये टॅक्सीने आली. जरीच्या काठाचं पातळ, नाकात नथ, कमलच्या हातात हळदीकुंकवाची कुयरी आणि पिशवी. साहेबांनी वाकून नमस्कार केला. "आजी, तुमच्या वडिलांनी केलेला ट्रक माझ्याकडे आहे, हे माझं भाग्य."

"तुमी चांगलो सांभाळल्यात," आये म्हणाली. ट्रक तिला दिसत नव्हता, पण त्याच्या चपट्या नाकावर हात ठेवून ती जरा वेळ उभी राहिली. मग गुणाजीने तिला दाराशी नेलं, स्टुलावर बसवलं आणि तिचा हात पायरीवर ठेवला.

तिची बोटं फिरली. ठिपके सापडले. चेहरा असा उजळला की कमलने पदर डोळ्यांना लावला. साहेब फोटो काढत होते. गुणाजी भिंतीवरच्या पान्यांकडे बघत राहिला.

मग बोटं परत फिरली. पुन्हा एकदा फिरली. टोकांवर येऊन थांबली.

"ही आत जातत," आये म्हणाली.

"हो, आये. आत येणारी," गुणाजी म्हणाला. "तू काढतेस तशीच."

"ता घरात. घरात आत येवची. गाडयेत नाय." तिने मान हलवली. "मी बाबांक सांगितलंय, गाडयेतली उतरणारी काढा. मामा गाडयेतसून उतरूक होयो. उतरलो तर घराक येतलो. ही चढणारी हत."

ती साहेबांकडे वळली. तिलाच साहेबांना समजावून सांगावंसं वाटलं असावं. "बाबांक यातला काय म्हायत नव्हता. त्यांनी माका इचारल्यानी, खय तोंड करू. सात वर्सांचा पोर मी. माज्याच तोंडातसून उलटा गेला आसतला."

"आजी, लहान होतात तुम्ही," साहेब म्हणाले.

"सगळ्या गाडयांत अशीच घातलेली आसतली. सगळे चढले आणि एक उतरलो नाय."

"असं नसतं हो, आई," कमल म्हणाली.

आयेने पायरीवरून हात काढून मांडीवर ठेवला. "चल गो. कुयरी उघडू नको."

टॅक्सीत तिला बसवून गुणाजी परत आला तेव्हा साहेब मोबाइलवर लिहीत होते. "ज्यांच्याकडे असे ट्रक आहेत त्या सगळ्यांना फोटो पाठवतोय. तुमच्याही पायऱ्या बघा म्हणून. केवढी मोठी गोष्ट आहे ही, गुणाजी. कारखान्याच्या कागदात असलं काही मिळत नाही."

"साहेब," गुणाजी म्हणाला.

"बोला."

"काही नाही. प्रायमरचं बघायचं होतं."

पिशवीतलं साहित्य कमलने तसंच माळ्यावर ठेवलं. आये रडली वगैरे नाही. रडली असती तर बरं झालं असतं. तिचं बोलणंच आटलं. चाळीतल्या बाया विचारायला आल्या, तर "नाय, माजी नाय ती गाडी," एवढंच म्हणाली. कमल तिला आंघोळीला घेऊन गेली तेव्हा पाठीवर पाणी घेता घेता आये म्हणाली, "भिवामामाची बायको आमच्याकडेच रवायची. मरासर कुंकू लावी. माजा तोंड बगून हसायची ती. तिका म्हायत नव्हता."

कमलने हे नवऱ्याला सांगितलं ते भांडी विसळताना, पाठमोरीच. "काहीतरी करा. ह्या वयात त्यांनी हे डोक्यात घेतलंय. मामा आपल्यामुळे मेला म्हणतायत. ती गाडी आली नसती तर बरं झालं असतं."

 आतापर्यंत त्याला वाटत होतं की आपण एक चूक केली आणि ती झाकली, आणि झाकलेलं कुणाला टोचत नाही. पत्र्याच्या कामात तसंच असतं. पण इथे त्याने जे झाकलं होतं त्याच्यावर त्याची म्हातारी आई अनवाणी उभी होती. त्याने सात वर्षांच्या रमाच्या माथी उलटी खूण मारली होती, तिच्या बापाच्या नावाने, आणि तिने ते अंगावर घेतलंही होतं, कारण आपल्या बापावर किंवा आपल्या मुलावर संशय घ्यायचा तिचा स्वभाव नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शेडवर गेला नाही. आये खिडकीपाशी सुपात कुळीथ निवडत होती, बोटांनीच, खडा लागला की बाजूला काढत होती. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"आये, ती गोपद्मं खोटी आहेत."

बोटं चालूच राहिली. "खोटी म्हंजे?"

"मी काढली."

"तू?"

"हो. छिन्नीने. गेल्या पंधरवड्यात. तू सांगितलंस त्यात काही उलटं नव्हतं. मला माहीत नव्हतं गाडीत उतरणारी काढतात."

आयेने सूप खाली ठेवलं. आत शेगडीपाशी कमलने गॅस बारीक केला. ऐकण्यासाठी केला हे उघड होतं.

"म्हंजे बाबांनी घातल्लीच नाय?"

इथे हो म्हटलं असतं तर भागलं असतं. आयेची गोष्ट खोटी ठरली असती, पण तिच्या अंगावरचं ओझं उतरलं असतं आणि त्याचा ग्राइंडरही सुटला असता. हा विचार त्याच्या मनात अगदी सुबक तयार होऊन आला, घासूनपुसून.

"घातली होती," तो म्हणाला. "मी घासून टाकली."

आयेने पदराला बोटं पुसली.

"कळूक नाय तुका?"

"कळलं होतं."

"मग?"

गुणाजीने तोंड उघडलं. काम मागे पडलं होतं, पत्रा उघडा होता, साहेब थांबवतील असं वाटलं, हे सगळं खरंच होतं. "कळलं होतं आणि घासलं," तो म्हणाला.

आये त्याच्या दिशेने बघत होती. तिला तो धूसर दिसत असणार, खिडकीच्या उजेडात नुसता आकार. "सिग्नलाक अडाकली म्हणायचंस," ती म्हणाली.  मग अगदी वेगळ्या आवाजात, पोरीच्या घाईने तिने विचारलं, "खय तोंड होता? चढणारी की उतरणारी?"

गुणाजीने अंगठा बोटावर घासला. दोन तिरक्या रेघा आठवत होत्या. खळगे आठवत होते. टोकं कुठे मिळत होती? आत की बाहेर? त्याने डोळे मिटले. अंगठ्याला आठवत होता तो फक्त खडबडीतपणा, आणि मग गुळगुळीत पत्रा.

"मी बगूक नाय, आये."

कमल दारात येऊन उभी राहिली होती. "उतरणारीच असणार," ती घाईने म्हणाली. "आजोबा विसरतील होय?"

"तू बगलंस?" आयेने तिला विचारलं. कमल पुन्हा गॅसकडे वळली.

आयेने सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "त्या साहेबाक सांगितलंस?"

"नाही अजून."

"आदी तेका सांग."

"संध्याकाळी जातो."

"आता सांग. माझ्यासमोर."

त्याने फोन लावला. साहेब आनंदात होते. एका परदेशी माणसाचं उत्तर आलं होतं, म्हणाले, त्याच्या ट्रकची पायरी बदललेली निघाली, आणि इंदूरच्या ट्रकच्या पायरीवर रंगाचे थरच थर आहेत. गुणाजीने त्यांना मध्येच थांबवलं आणि सगळं सांगितलं, आयेला सांगितलं त्याच शब्दांत, कारण दुसरे शब्द जवळ नव्हते. 

"एकच गोष्ट सांगितली होती मी तुम्हाला," साहेब म्हणाले. आवाज चढला नाही. चढला असता तर गुणाजीला सोसणं सोपं गेलं असतं. "आता सगळ्यांना लिहावं लागेल मला. तुमचं नाव घालू का नको?"

"घाला."

"आणि पायरीला हात लावू नका आता. आहे तसंच राहू दे. लोकांनी विचारलं तर खरं सांगू."

"हो साहेब."

ह्या वेळी साहेबांनी त्यावर काही टोमणा मारला नाही. फोन ठेवल्यावर गुणाजी तसाच बसून राहिला. आपला माणूस म्हणून ज्यांनी त्याचा नंबर एकमेकांना दिला होता ती सगळी माणसं आता हे वाचणार होती. त्यात त्याला अन्याय काही दिसेना.

"अजून खय हत म्हणालो तो, तसल्यो गाडयो?" आयेने विचारलं.

"एक इंदूरला आहे. तिच्या पायरीवर रंगाचे थर आहेत म्हणे. खरवडल्याशिवाय काही दिसायचं नाही."

"ती बाबांच्या हातची आसात?"

"असेल. नसेलही."

आये कुळथातून बोटं फिरवत राहिली. एक खडा सापडला, तो तिने खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला.

"जा तर," ती म्हणाली. "साहेबाक इचारून जा. तो रागावलो तरी इचार. खरवडूचा ता त्यांका करूक सांग, त्यांच्या माणसाक. तू बाजूक उभो रव आणि नुसतो बघ, तोंड खय आसा ता."

"बरं."

"आणि हात लावू नको कशाक."